सात पॉइंट सहा

रविवारी सकाळची मिस्सा आटोपून शेजारची झिया मेना, म्हणजे मेनामावशी, घरी आली, की आमच्या दोघींच्या परसांमधल्या भिंतीवर चमच्याने टकटक करायची. तीनदा. माझी छोटी नीना झोपलेली असली तर मी दोनदा उलट वाजवायचे, म्हणजे थांब. जागी असली तर तिला कडेवर घेऊन तशीच निघायचे, पायात सपाता, केस जसे असतील तसे. चार पावलांवर तिचं दार. किल्ली दाराला बाहेरूनच लावलेली. गोझो बेटावरच्या आमच्या गावात अजून सगळ्यांचीच असते. आत परसात मेना मिस्सेच्या काळ्या बुटांतच उभी असायची, एका हातात पेन, दुसऱ्या हातात काचेचा पेला.

"वाच बाई. मला तो आकडा म्हणजे मेलेली मुंगी दिसते."

हे पेन लिहायचं नव्हे. त्याच्या टोकाशी काचेचा इवलासा गोळा असतो, तो पाण्यात बुडवला की वरच्या खिडकीत पाण्याचा पीएच उमटतो. सात म्हणजे मधोमध. सातच्या खाली आंबट, सातच्या वर चुन्याकडे झुकलेलं. गांजाच्या झाडाला मातीत सहा ते सहा पॉइंट आठ मानवतं. सिल्वानने आकडे लिहायच्या वहीच्या पहिल्या पानावर हे मोठ्या अक्षरात लिहून खाली तीन रेघा मारल्या होत्या, जणू आई विसरेल. मेना कुठली विसरतेय. तिला फक्त दिसत नव्हतं.

सिल्वान तिचा एकुलता एक. समोरच्या माल्टा बेटावर फरशा बसवायचं काम करतो. बसवून बसवून बत्तिसाव्या वर्षीच त्याची पाठ बासष्टची झाली आहे. संध्याकाळी थोडं ओढलं की झोप लागते, म्हणायचा. पण तो राहतो ती खोली भाड्याची, आणि घरमालकिणीने करारातच लिहून घेतलेलं, कुंडीत पुदिनासुद्धा नको. तेव्हा एप्रिलच्या शेवटी तो चार रोपं पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून फेरीबोटीने आला आणि आईच्या परसात चार मोठ्या कुंड्यांत लावून गेला. घरटी चार झाडांना कायद्याची परवानगी आहे, फक्त रस्त्यावरून दिसता कामा नयेत. मेनाच्या परसाची रस्त्याकडची भिंत दोन पुरुष उंच, त्यामुळे दिसण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न वासाचा होता. पाववाला गेजू व्हॅन थांबवून नाक वर करायचा आणि म्हणायचा, "झिया, तुझ्याकडे कोण रॉकस्टार उतरलाय का?"

"तुझा बाप," मेना म्हणायची. "दोन फ्तिरा दे, आणि करपलेली नको."

जाताना सिल्वान म्हणाला होता, "मी दर रविवारी येईन, मा. तू फक्त पाणी घाल आणि आकडा लिहून ठेव."

गोझोहून माल्टा म्हणजे फेरीने पंचवीस मिनिटं. जोरात हाक मारली तर ऐकू जाईल, असं माझा नवरा ग्लेन म्हणतो. तोही सोमवार ते शनिवार तिकडेच असतो, बंदरात क्रेन चालवतो, आणि रविवारी दुपारपर्यंत झोपतो. हाक मारून कोणी आलेलं मी अजून पाहिलं नाही.

मे महिन्यात सिल्वान दोनदा आला. मग उन्हाळा लागला, कामं वाढली, फेरीला गाड्यांच्या रांगा लागल्या. तो यायचा थांबला. पण फोन सुरू झाला. आधी वर्षात दोन फोन, नाताळला आणि तिच्या नावाच्या संताच्या दिवशी. आता दर रविवारी दहा वाजता, कधी वीस वीस मिनिटं. मेनाला फोन कानाशी धरून ऐकू येत नाही, ती तो टेबलावर आडवा ठेवते आणि त्याच्यावर ओणवी होऊन बोलते, विहिरीत डोकावल्यासारखी.

"मोजलंस, मा?"

"मोजलं. दोरियान वाचतेय."

"किती?"

मी आकडा सांगायचे. मग तो विचारायचा वरची पानं कशी आहेत, खालची कशी आहेत, कडा वळल्यात का, माती किती खोल ओली आहे. आणि मेना एकेक पान सांगायची. दोन पानांच्या मध्ये हळूच काही घालायची, की सेराफिनच्या मुलीचं लग्न मोडलं, की पाद्रीबाबांचा गुडघा बदलला, की तुझी सायकल मी अजून विकली नाही. तो ऐकून घ्यायचा, कारण पुढचं पान अजून यायचं असायचं.

मी नीनाला मांडीवर घेऊन बसायचे. खरं म्हणजे आकडा सांगून मी निघू शकले असते. पण घरी जाऊन काय? ग्लेन घोरत असायचा, आणि आठवडाभरात दोन मोठ्या माणसांचं बोलणं एवढंच माझ्या कानावर पडायचं.

जूनमध्ये पानं पिवळी पडली. नवीन, वरची. पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, कोणीतरी पेनने गिरवल्यासारख्या. मातीतून निथळलेल्या पाण्यात पेन बुडवलं तर सात पॉइंट नऊ.

"लोह अडकलंय," सिल्वान फोनवर म्हणाला. "मातीत आहे, पण आकडा एवढा वर गेला की झाडाला ते घेता येत नाही. मा, पाणी कुठलं घालतेस?"

"तू सांगितलंस तेच. नळाचं, एक दिवस बादलीत ठेवून."

"आणि ती बाटली? आंबट थेंब?"

"घालते की. मोजून."

फोन ठेवल्यावर मी तिच्याकडे पाहिलं. मी रोज गच्चीवर नीनाचे कपडे वाळत घालते, आणि गच्चीवरून तिचं परस दिसतं. तिला नळाखाली बादली धरताना मी एकदाही पाहिलं नव्हतं.

"झिया."

"काय?"

"पाणी कुठलं?"

तिने बूट काढले, सावकाश, एकेक. "नळाचं पाणी म्हणजे समुद्र. कारखान्यात गाळला म्हणून समुद्राचा समुद्रपणा जातो का? मुलाने विश्वासाने आणून ठेवलेली झाडं. त्यांना मी समुद्र पाजू?"

ती घराखालच्या टाक्याचं पाणी घालत होती. आमच्या जुन्या घरांखाली टाकी असतात, खडकात खोदलेली. हिवाळ्यात गच्चीवर पडलेला पाऊस त्यांत उतरतो. पावसाचं पाणी म्हणजे जगातलं सगळ्यात हलकं पाणी, असं मेनाला तिच्या आईने सांगितलेलं. ते आकाशातून निघतं तेव्हा खरंही असेल. पण मेना दर ऑगस्टमध्ये गच्चीला चुन्याचे दोन हात मारते, पाणी स्वच्छ उतरावं म्हणून. शिवाय चुन्याचं एक ढेकूळ टाक्यातही सोडते, पाणी गोड राहावं म्हणून. आणि टाकंच मुळी चुनखडीच्या पोटात. मी पेला भरून पेन बुडवलं. आठ पॉइंट दोन.

"झिया, तू त्यांना चुना पाजतेयस."

तिने टाक्याचं झाकण ओढून घेतलं. आत एक वाम आहे, सापासारखा लांब मासा. तिच्या नवऱ्याने, सिल्वान पाळण्यात होता तेव्हा, बोटाएवढी आणून सोडली होती, डासांच्या अळ्या खायला. ती अजून जिवंत आहे. कधीकधी बादलीबरोबर पाठीचा काळा वेढा वर येतो आणि जातो.

"त्याला सांगू नकोस," ती म्हणाली. "नळाचं सांगितलंय."

आधी आम्ही व्हिनेगर घालून पाहिलं, मग लिंबू. आकडा पाय घसरल्यासारखा खाली यायचा, आम्ही खूश व्हायचो, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा जागच्या जागी. त्या पाण्यात चुनाच एवढा, की दोन चमचे आंबटाने काय होणार. शेवटी उपाय सापडला तो नीनाच्या खोलीत. उकाड्यात तिला एसीशिवाय झोप लागत नाही, आणि एसीची नळी बाहेर बादलीत ठिबकते. दिवसाला सहा-सात लिटर. ते पाणी मी जिन्यावर ओतून देत होते. त्यात चुना नाही, काही नाही, नुसतं खोलीतल्या हवेचं पाणी. त्यात सिल्वानच्या बाटलीतले दोन थेंब टाकले की पेन सहा पॉइंट तीनवर थांबायचं आणि दुसऱ्या दिवशीही तिथेच असायचं.

मग रोज सकाळी मी आमच्या मधल्या भिंतीवरून बादली द्यायचे आणि मेना टाचा उंचावून ती घ्यायची.

"किती झोपली काल?" ती बादलीत बघून विचारायची.

"भरलीय म्हणजे झोपली."

"गुणाची पोर," ती म्हणायची आणि पाणी सांडू न देता आत जायची.

तीन आठवड्यांत नवी पानं हिरवी आली, हाताच्या पंजाएवढी. जुलैच्या मधल्या रविवारी मी फोनवर खरं तेच सांगितलं. सहा पॉइंट तीन.

"वा," सिल्वान म्हणाला. "मग आता काळजी नाही. मा, आता दर रविवारी तुला थांबायला नको. काही बिघडलं तर फोन कर."

"बरं," मेना म्हणाली. "सेराफिनची मुलगी..."

पण त्याने ठेवला होता. चार मिनिटं झाली असतील.

पुढच्या रविवारी दहा वाजले, साडेदहा झाले. तिने त्याच्या आवडीची मॅकरोनी भाजायला ठेवली होती, तो येणार नाही हे माहीत असूनही, निदान फोनवर सांगता यावं म्हणून. बारा वाजता अर्धी मॅकरोनी ताटलीत झाकून माझ्याकडे आली. त्याच्या पुढच्या रविवारीही अर्धी मॅकरोनी. ग्लेन म्हणाला, "ही बाई आपल्याला जाड करणार."

तिसऱ्या रविवारी चमचा वाजला. मी गेले. पेन बुडवलं.

"किती?"

"सहा पॉइंट तीन."

"लिही, सात पॉइंट सहा."

नीना पेन चोखायला बघत होती, ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"झिया, हे खोटं आहे."

"चर्चवर किती घड्याळं आहेत?"

"दोन."

"आणि त्यातलं बरोबर किती?"

आमच्या चर्चच्या दोन मनोऱ्यांवर दोन घड्याळं आहेत. एक खरी वेळ दाखवतं, दुसरं खोटी, सैतानाला मिस्सेची वेळ कळू नये म्हणून.

"देवाच्या घरावर एक खोटं घड्याळ दोनशे वर्षं चालतंय," ती म्हणाली. "माझ्या वहीत एक आकडा चालणार नाही?"

"पण सिल्वान काय सैतान आहे?"

"नाही. म्हणून तर फसेल."

मी लिहिलं, सात पॉइंट सहा. अक्षर माझं, तेव्हा पाप अर्धं माझंही. तिने फोन लावला, आणि सिल्वान पंचवीस मिनिटं बोलला.

सगळा ऑगस्ट आणि सप्टेंबर असा गेला. त्याने पेनचा फोटो मागितला तर आम्ही टाक्याचं आणि बादलीचं पाणी एका पेल्यात मिसळून हवा तो आकडा येईपर्यंत ढवळत बसायचो, दोन बायका आणि एक पोर, डोक्याला डोकं लावून. पानांचा फोटो मागितला की मेना सांगायची, दोरियान पोरीला घेऊन घरी गेली. झाडं तोपर्यंत माझ्या खांद्याला लागली होती, आणि शेंडे तुऱ्यांनी इतके जड झाले होते की आम्ही त्यांना काठ्यांचा आधार दिला.

एकदाच तिचा हिशेब चुकला. मी न सांगताच तिने फोनवर म्हटलं, "आज आठ पॉइंट एक आहे रे."

सिल्वान म्हणाला, "मग जाऊ दे, मा. उपटून टाक. एवढी पाच महिने मेहनत करून घेतली तुझ्याकडून, मलाच कसं तरी वाटतंय. तू सुटशील तरी."

मेनाने टेबलाची कड धरली. मी तिचा चेहरा पाहिला आणि फोनवर ओणवी झाले. "सिल्वान, मी दोरियान. ते काल होतं. आज सात पॉइंट सहा आहे. उतरतंय."

"उतरतंय?"

"हळूहळू."

"मग थांबू या," तो म्हणाला.

त्यानंतर आम्ही ठरवलं, सात पॉइंट आठच्या वर जायचं नाही आणि सात पॉइंट चारच्या खाली यायचं नाही. खाली आलं तर तो निश्चिंत होतो, वर गेलं तर आशा सोडतो. मेनाने ते वहीच्या मागच्या पानावर मला लिहून ठेवायला सांगितलं आणि खाली तीन रेघा मारायला लावल्या.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी तो न सांगता आला. मला भिंतीपलीकडून पुरुषाचा आवाज ऐकू आला. थोड्या वेळाने चमचा वाजला, पण एकदाच, आणि तो चमचा मेनाचा नव्हता.

मी गेले. सिल्वान चार झाडांच्या मध्ये उभा होता. मेना ओट्याशी पाठ करून काही तरी चिरत होती, बहुधा आधीच चिरलेलं. त्याने खिशातून पेन तपासायच्या दोन पुड्या काढल्या, दोन पेल्यांत पाण्यात विरघळवल्या, आणि पेन एकात बुडवलं, मग दुसऱ्यात. सात. चार. पेन बरोबर होतं. मग त्याने कुंडीतून निथळलेलं पाणी पेल्यात घेतलं. सहा पॉइंट चार.

तो वहीची पानं उलटत राहिला. सात पॉइंट सहा, सात पॉइंट पाच, सात पॉइंट सात. असल्या आकड्यांवर एवढी मोठी झाडं कोणाची येत नाहीत, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मग त्याने शेवटचं पान उलटलं. मागचं. ते वाचलं, तीन रेघांसकट, आणि वही मिटली.

"पाणी कुठलं?" त्याने मला विचारलं, हळू आवाजात.

"नीनाच्या एसीचं."

त्याने नीनाकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या नाकातून हसल्यासारखा आवाज आला.

"मा," तो मोठ्याने म्हणाला, "झाडं चांगली झालीत."

"हो का," ओट्याकडून उत्तर आलं. "आकडा मात्र उतरत नव्हता मेला."

"नाही ना," तो म्हणाला.

बस, एवढंच. त्याने झाडं कापली, गच्चीवरच्या खोलीत उलटी टांगली, मॅकरोनी खाल्ली, दोनदा वाढून घेतली. दोन आठवड्यांनी पुन्हा आला, सुकलेले तुरे बरण्यांत भरले, कुंड्यांतली माती पोत्यात घातली, कुंड्या धुऊन भिंतीशी पालथ्या ठेवल्या. माझ्यासाठी एक चॉकलेटचा डबा आणि नीनासाठी लाकडी बोट आणली होती. जाताना आईच्या डोक्यावर हात ठेवला. "आता तुला आराम, मा."

ती दारात उभी राहून त्याची गाडी चर्चच्या वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत बघत होती. मीही माझ्या दारात उभी होते. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.

उकाडा संपला होता. एसी बंद, बादली कोरडी. भिंतीवरून द्यायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. पुढच्या रविवारी चमचा वाजला नाही. मी नीनाला घेऊन परसात बसून राहिले, ऊन पायांवरून भिंतीवर चढलं तरी. पलीकडे भांडी वाजत होती, पण एका माणसाच्या भांड्यांचा आवाज वेगळा असतो. मध्येच थांबतो आणि कोणी विचारत नाही का थांबला. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मॅकरोनीही आली नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, साडेनऊला, तीनदा टकटक झाली. मी सपातासुद्धा घातल्या नाहीत.

मेना टाक्याचं झाकण उघडून उभी होती. पेल्यात पाणी, हातात पेन. सिल्वान ते न्यायला विसरला होता, की ठेवून गेला होता, मला माहीत नाही.

"वाच."

"झिया, आता कशाला?"

"वाच म्हटलं ना."

"आठ पॉइंट एक."

"खरं?"

"अगदी खरं."

तिने फोन टेबलावर ठेवला. मला नंबर लावायला सांगितला. ती त्याच्यावर ओणवी झाली आणि घंटा वाजत राहिली, सहा, सात, आठ. मी नीनाचे दोन्ही हात धरून ठेवले होते, का ते मलाच कळत नव्हतं.

"मा? काय झालं?"

"काही नाही. टाक्याचं पाणी मोजलं आज. आठ पॉइंट एक आहे."

मागे कुठे तरी फरशी कापायचं यंत्र चालू होतं. रविवारीही. ते बंद झालं.

"मा, झाडं तर गेली."

"मला माहीत आहे गेली. मी झाडांचं कुठे बोलतेय? पाण्याचं सांगतेय."

मेना फोनच्या काळ्या काचेकडे बघत होती. तिचा श्वास काचेवर उमटत होता आणि जात होता.

"मागच्या रविवारी किती होतं?" सिल्वानने विचारलं.

मेनाने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलंच होतं, आठ म्हणून सांगायला. तिने हात वर करून मला थांबवलं.

"मोजलंच नव्हतं," ती म्हणाली. "तुझा फोन नव्हता."

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला, किंवा बादली पालथी करून तो तिच्यावर बसला असेल.

"बरं," तो म्हणाला. "लिहून ठेव मग. आणि ती वाम? आहे अजून?"

"आहे की. काल पाठ दिसली. थांब, सांगते..."

मी वही उघडली. दर रविवारच्या आकड्यासाठी सिल्वानने आखलेल्या रेघा ऑक्टोबरपर्यंतच होत्या. मेनाने बोलता बोलताच, फोनवरून नजर न काढता, ओट्याच्या खणातून सुतारी पेन्सिल काढून माझ्यापुढे सरकवली आणि बोटाने पानावर आडवी रेघ ओढून दाखवली.

"किती मारू?" मी खुणेने विचारलं.

तिने हाताने सगळं पान दाखवलं, वरपासून खालपर्यंत.